मुक्या जिवांचा उन्हाळा : पांजरापोळास साह्य आणि पाळीव सशांची निगा

खानदेशातील उन्हाळा माणसास जाचतो त्याहून अधिक तो मुक्या जनावरांस जाचतो. फाल्गुन सरला की तापी, गिरणा व पांझरेच्या काठचे हिरवे बांध करडे पडतात. आखाजीच्या सुमारास जळगाव, भुसावळ, धुळे ह्या भागांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. ह्या दिवसांत दोन ठिकाणी जनावरांची खरी परीक्षा होते. एक म्हणजे पांजरापोळ. तेथे म्हातारी, लंगडी, आजारी व सोडून दिलेली गुरे दुसऱ्याच्या दयेवर जगत असतात. दुसरे ठिकाण घराच्या ओसरीतील सशाचे खुराडे. हौसेने आणलेला हा लहानसा प्राणी तेथे मुलांच्या लक्षावर अवलंबून असतो.

वरवर पाहता ह्या दोन गोष्टींचा संबंध नाही. परंतु दोन्हीकडे एकच चूक घडते. दयेचा उमाळा संकट आल्यावर येतो, आणि तयारी मात्र त्यापूर्वी चार-पाच महिने करावयास हवी असते. पेरणीस जसा हंगाम आहे तसा भूतदयेसही हंगाम आहे, हे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी ध्यानी घेतल्यास पुष्कळ जीव वाचतील.

पांजरापोळ ही आपली जुनी संस्था

अपंग व निरुपयोगी जनावरांस मरेपर्यंत सांभाळावे ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. मुंबईचे पांजरापोळ १८३४ साली स्थापन झाले. तत्पूर्वी दोन वर्षे, म्हणजे १८३२ साली, भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध त्या शहरात मोठा दंगा झाला होता. पुढे १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक मंडळी निघाली आणि परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले. खानदेशातही व्यापारी व शेतकरी समाजाच्या देणग्यांवर अशा संस्था वाढल्या. जळगाव व धुळे ह्या दोन्ही शहरांत पांजरापोळ आहे. जळगावजवळ कुसुंबा येथे सराफ व्यावसायिक रतनलाल बाफना (निधन २०२०) ह्यांनी उभारलेली गोशाळा जिल्ह्यात सर्वांस परिचित आहे.

स्वातंत्र्यानंतर ह्या कार्यास कायद्याचेही पाठबळ मिळाले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. त्यान्वये १९६२ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले व श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पाळलेले जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडून देणे हा ह्या अधिनियमाखाली गुन्हा आहे. तो नियम बैलास लागू आहे तसाच सशासही लागू आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

चाऱ्याचा हिशेब

पांजरापोळाची मुख्य अडचण औषधाची नसून चाऱ्याची आहे. तिचा हिशेब सोपा आहे. मध्यम बांध्याच्या एका गुरास केवळ जगण्यापुरता दिवसाला सुमारे ६ किलो कोरडा चारा लागतो. शंभर गुरांच्या संस्थेस रोज ६०० किलो, म्हणजे मार्च ते मे ह्या तीन महिन्यांस सुमारे ५४ ते ५५ टन चारा लागेल. गावाने एक टन कडबा दिला तर तो एका जनावरास साडेपाच महिने पुरेल. परंतु शंभर गुरांच्या संस्थेत तो दोन दिवसही पुरणार नाही. म्हणून एका दात्याच्या मोठ्या देणगीपेक्षा अनेक गावांचा थोडथोडा परंतु ठरलेला वाटा अधिक मोलाचा असतो.

राज्य शासनाने २०२४ साली गोशाळांतील देशी गायींसाठी प्रत्येक जनावरामागे दररोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. ह्या साह्याने मोठा आधार मिळतो. तथापि संस्थेत केवळ देशी गायी नसतात. म्हशी, संकरित गुरे, घोडे, गाढवे, जखमी कुत्री असे अनेक जीव दारी येतात. त्यांचा भार समाजावरच राहतो.

कडब्याचा भाव मळणीच्या वेळी सर्वांत कमी असतो आणि मे महिन्यात तो पुष्कळ चढतो. खानदेशात रब्बीची दादर ज्वारी फाल्गुनाच्या आसपास निघते व तिचा कडबा गुरे आवडीने खातात. त्याच वेळी दर खळ्यावरून चार-दोन पेंढ्या बाजूस काढल्या तर कोणासही जड जात नाही. हरभऱ्याचे व तुरीचे कुटार तसेच भुईमुगाचा वाळलेला पाला पुष्कळ ठिकाणी बांधावर पडून राहतो. तो गोळा करून कोरड्या जागी साठविल्यास उन्हाळ्यात त्याची किंमत कळते. रावेर, यावल, चोपडा ह्या केळीच्या तालुक्यांत घड काढल्यावर उरलेला खुंट चिरून देता येतो. मात्र खुंटात बहुतेक भाग पाण्याचा असल्याने तो कोरड्या चाऱ्याची जागा घेऊ शकत नाही. त्यास जोडचारा समजावे.

काय देऊ नये

दान देण्यात चांगुलपणा असला तरी अज्ञानाने दिलेले दान जनावराच्या जिवावर उठते. पुढील गोष्टी गावोगावी सांगणे अवश्य आहे.

१. सणावाराच्या उरलेल्या पुऱ्या, शिरा, भात अथवा धान्याचे ढीग गुरांपुढे घालू नयेत. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात अशा पिष्टमय अन्नाचे अकस्मात आम्ल होते व धडधाकट जनावरही दगावते. पुण्य करावयाचे असल्यास तेवढ्याच पैशांची पेंढी द्यावी.

२. बुरशी लागलेला, भिजून काळा पडलेला चारा देऊ नये. जो आपल्या बैलास आपण घालणार नाही तो पांजरापोळासही पाठवू नये.

३. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी कापून देऊ नये. तिच्यात विषारी द्रव्य असते.

४. अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नये. गुरे पिशवीसकट गिळतात आणि तिचा गोळा पोटात कायमचा बसतो.

५. आजारी जनावर न कळविता संस्थेच्या दारात बांधून जाऊ नये. राज्यातील लंपी चर्मरोगाच्या २०२२ सालच्या साथीचा पहिला प्रादुर्भाव ऑगस्ट महिन्यात रावेर तालुक्यातील चिनावल येथे आढळला होता, हे खानदेशचा शेतकरी विसरलेला नाही. नव्या जनावरास दोन-तीन आठवडे वेगळे बांधल्याशिवाय कळपात सोडता येत नाही. त्यासाठी संस्थेस आगाऊ सूचना हवी.

साह्य कसे करावे

प्रथम संस्थेची माहिती घ्यावी. ती धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक विश्वस्त म्हणून नोंदलेली आहे काय, वर्षाचे हिशेब तपासले जातात काय, देणगीची पावती मिळते काय, हे विचारण्यात संकोच धरू नये. चांगल्या संस्थेस असे प्रश्न आवडतात. त्यानंतर एक दिवस स्वतः जाऊन गुरांची पाठ, डोळे, पाण्याचे हौद व सावली पाहावी. हौदात शेवाळ नसेल व गुरांच्या अंगावर सावली असेल तर व्यवस्था बरी आहे असे समजावे.

पैसा नसलेल्या शेतकऱ्यासही देण्यासारखे पुष्कळ आहे. बांधावरचे गवत, रिकामी पोती, छपरासाठी पऱ्हाटीचे कूड आणि एक दिवसाची मेहनत ह्यांची गरज संस्थेस नेहमी असते. बैलगाडी अथवा ट्रॅक्टर शहराकडे रिकामा जात असेल तर त्यातून चारा पोचविता येतो. संस्थेशी बोलून कडब्याच्या मोबदल्यात शेणखत आणण्याची रीत पाडल्यास दोघांचाही लाभ होतो. कपाशीच्या काळ्या जमिनीस ते खत हवेच असते. अशा देवघेवीने जुळलेला संबंध एका वर्षाच्या उत्साहाने संपत नाही.

ससा : दोन निरनिराळे प्राणी

आता सशाकडे वळू. मराठीत एकाच नावाने ओळखले जाणारे दोन भिन्न प्राणी आहेत. शेतात दिसणारा करड्या-तपकिरी रंगाचा, मानेवर काळा पट्टा असलेला ससा हा आपल्या रानाचा आहे. तो बीळ खणत नाही, गवतात दबा धरून बसतो. बाजारात मिळणारा पांढरा अथवा ठिपक्यांचा ससा युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाच्या वंशाचा आहे. दोघांची पिले पाहिली की भेद स्पष्ट होतो. रानसशाचे पिलू अंगावर केस घेऊन व डोळे उघडे ठेवून जन्मते. पाळीव सशाची पिले उघडी व आंधळी असतात.

कापणीच्या वेळी गव्हात किंवा हरभऱ्यात रानसशाचे पिलू एकटे सापडते आणि मुले ते आईवेगळे झाले असे समजून घरी आणतात. वस्तुतः त्याची आई दिवसभर दूर राहते व तिन्हीसांजेनंतर येऊन पाजते, म्हणजे शत्रूस पिलाचा माग लागत नाही. घरी आणलेले पिलू गाईच्या दुधाने बहुधा मरते. म्हणून ते उचलू नये. यंत्र चालणार असेल तर हातात गवत घेऊन त्यातून ते अलगद जवळच्या बांधाच्या आडोशास ठेवावे. ते जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. रानससा पकडणे, पाळणे अथवा मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मना आहे.

पाळीव ससा मात्र मनुष्याच्या आश्रयाशिवाय जगू शकत नाही. कंटाळा आला म्हणून त्यास शेतात सोडणे म्हणजे कुत्र्याच्या, मुंगसाच्या वा कोल्ह्याच्या तोंडी देणे होय. त्याचा पांढरा रंग काळ्या जमिनीवर दुरून दिसतो व त्यास लपण्याची जाण नसते.

आणण्यापूर्वी विचार

नीट सांभाळलेला ससा आठ ते दहा वर्षे जगतो. म्हणजे दुसरीतल्या मुलासाठी आणलेला ससा ते मूल कॉलेजात जाईपर्यंत घरात राहणार. मादी सुमारे ३० ते ३२ दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिले देते आणि व्याल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. नर-मादी एकत्र ठेवल्यास वर्षात पंचवीस-तीस पिले होणे अशक्य नाही. एवढी पिले कोण घेणार, हा प्रश्न जोडी आणण्यापूर्वी विचारावा. तिसऱ्या महिन्याच्या आत नर व मादी ओळखून वेगळे ठेवावेत. शक्य असेल तेथे पशुवैद्याकडून नसबंदी करून घ्यावी. हौसेसाठी एकाच लिंगाचे दोन ससे लहानपणापासून एकत्र वाढविणे बरे. दोन नर मोठेपणी भांडतात, दोन माद्या बहुधा जुळवून घेतात.

काही ठिकाणी ससेपालन धंदा म्हणूनही केले जाते. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत सशांच्या जातींवर काम झाले आहे. लोकरीचा अंगोरा ससा हिमाचलाच्या थंड खोऱ्यांत वाढतो. खानदेशच्या उन्हात तो आणू नये. जे परत विकत घेण्याचे तोंडी वचन देऊन महागडे ससे गळ्यात घालतात त्यांच्यापासून शेतकऱ्याने सावध राहावे.

खुराडे व उन्हापासून बचाव

सशास घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः लांब कानांच्या शिरांतून बाहेर टाकतो. बाहेरची हवा ३० अंशांपलीकडे गेली की त्यास त्रास होऊ लागतो व ३५ अंशांपुढे जिवाचा धोका उत्पन्न होतो. खानदेशात मार्च ते जूनपर्यंत दुपारी ही मर्यादा रोज ओलांडली जाते. म्हणजे निगा न राखल्यास येथे ससा जगणे हाच अपवाद ठरेल.

पत्र्याच्या छपराखाली ससा कधीही ठेवू नये. मातीच्या धाब्याच्या घराचा उत्तरेकडील कोपरा त्यास सर्वांत सुखाचा. खुराडे एवढे लांब असावे की तीन उड्या मारता याव्यात आणि एवढे उंच की मागच्या पायांवर उभे राहता यावे. तळास नुसती जाळी असल्यास पायाच्या टाचा सोलून जखमा होतात. म्हणून जाळीवर लाकडी फळी घालून वर कोरडे गवत पसरावे. जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवर खुराडे असल्यास ओल, उंदीर व साप ह्यांचा उपद्रव कमी होतो.

उन्हाळ्यात खुराड्याच्या बाहेरच्या बाजूस ओल्या पोत्याचा पडदा सोडावा, परंतु हवा खेळती राहू द्यावी. मोठे मातीचे मडके आडवे करून बाहेरून ओले ठेवल्यास ससा आपण होऊन त्यात जाऊन बसतो. प्रौढ ससा दिवसाला पाव लिटर ते अर्धा लिटरपर्यंत पाणी पितो. जड बुडाच्या मातीच्या परळात ते दिवसातून तीन वेळा बदलावे. उन्हाळ्यात नर काही काळ निरुपयोगी होतो व गाभण मादीस उन्हाचा त्रास अधिक होतो, सबब ह्या दिवसांत जोडी लावू नये.

ससा लांब पसरून धापा टाकू लागला, कान लाल व तापलेले वाटले, तोंडाला लाळ आली तर ऊन लागले असे जाणावे. त्यास गार जागी न्यावे, साध्या पाण्याने कान व पाय ओले करावेत व लगेच पशुवैद्याकडे जावे. बर्फाच्या वा थंड पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्याने तो दगावतो.

आहार

गाजर हे सशाचे मुख्य अन्न, ही समजूत चित्रांमुळे पसरलेली आहे. त्याचे खरे अन्न वाळलेले गवत होय. त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात व गवत चघळल्यानेच ते झिजतात. आहाराचा मोठा भाग, पाचात चार वाटे, कोरड्या गवताचा असावा. मारवेल, पवना, हरळी ही गवते उत्तम. सोबत मूठभर कोथिंबीर, मुळ्याचा वा गाजराचा पाला द्यावा. लसूणघास वाढत्या पिलांस चांगला, प्रौढ सशास थोडाच द्यावा. गाजर व फळ आठवड्यातून एक-दोन वेळा अंगठ्याएवढे पुरे. भात, पोळी, बिस्कीट, बटाटा, कांदा, लसूण देऊ नये. कपाशीच्या बांधावरचे गवत फवारणीचे असू शकते, ते कदापि आणू नये.

ससा रात्री आपल्याच मऊ लेंड्या खातो. तो रोग नाही. त्यातून त्यास जीवनसत्त्वे मिळतात, म्हणून मुलांनी त्यास अडवू नये. ससा अर्धा दिवस काहीही खात नसेल वा लेंड्या टाकत नसेल तर मात्र उद्याची वाट पाहू नये. त्याचे आतडे थांबले असण्याचा संभव असतो.

रोग व हाताळणी

नाक, कान व पायांवर पांढरट खपल्या आल्यास ती खरूज असते व ती माणसासही लागू शकते. तिच्यावर गुणकारी उपाय आहे, परंतु औषधाची मात्रा वजनावर ठरत असल्याने ती पशुवैद्यानेच द्यावी. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरावयाचे फिप्रोनिल सशास प्राणघातक ठरते. तसेच माणसाच्या घरातील ॲमॉक्सिसिलिनसारखी गोळी तोंडाने दिल्यास त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरून ससा दगावू शकतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

सशास कानांस धरून उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्याखाली घालावा. तो घाबरून मागचे पाय झाडतो तेव्हा त्याचाच कणा मोडण्याची भीती असते. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच त्यास घ्यावे.

सांभाळणे अशक्यच झाले तर प्रथम गावात किंवा शाळेत दुसरे घर शोधावे. पांजरापोळाकडे न्यावयाचा असल्यास आधी विचारावे. गुरांसाठी बांधलेल्या आवारात सशास वेगळी सुरक्षित जागा लागते व ती सर्वत्र नसते. संस्थेने ससा घेतला तर त्यासोबत खुराडे व सहा महिन्यांचे गवत देणे हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

ग्रामसेवकांचे वर्षाचे काम

पोळ्याला बैलांची पूजा होते त्याच दिवशी गावसभेत पांजरापोळाच्या वाट्याचा विषय मांडावा. दिवाळीनंतर खरिपाचा कडबा आणि फाल्गुनात दादरीचा कडबा गोळा करून एका जागी रचावा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून सशांची व इतर पाळीव प्राण्यांची पाहणी करून सावली व पाणी तपासावे. आखाजीपूर्वी चारा संस्थेस पोचता करून पावती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. कापणीच्या दिवसांत रानसशाच्या पिलांविषयी मजुरांस सांगावे.

ह्यांपैकी कोणत्याही कामास मोठा खर्च येत नाही. मात्र ते वेळेवर व्हावयास हवे. मे महिन्यात दारी आलेल्या उपाशी गाईस मूठभर गवत घालणारा मनुष्य दयाळू खरा, परंतु फाल्गुनातच तिच्यासाठी पेंढी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याने तिचा जीव वाचविलेला असतो. ओसरीतल्या सशासाठी मडके भिजविणारे मूलही तोच धडा शिकत असते, आणि पुढे तेच ह्या खानदेशात गुरे राखणार आहे.